दोन नॅन्ड चिप, एक फाइलसिस्टिम: जोड नेमका कुठे द्यायचा

प्रश्न थोडक्यात असा: बोर्डवर प्रत्येकी १२८ एमबीच्या दोन नॅन्ड (फ्लॅश मेमरीचा एक प्रकार) चिप आहेत. रूट फाइलसिस्टिम फुगत फुगत १६० एमबीच्या वर गेली आहे आणि एका चिपमध्ये मावत नाही. एमटीडीब्लॉक डिव्हाइसवर (उघड्या फ्लॅशला ब्लॉक डिव्हाइसचं रूप देणारा लिनक्सचा ड्रायव्हर) एलव्हीएम किंवा एमडी रेड (अनेक डिस्क एकत्र करणाऱ्या सोयी) लावून दोन्ही चिप एकत्र करता येतील का, की लिनक्समध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे?

एलव्हीएमचा विचार सोडून द्या. सोय आहे, आणि ती बरीच जुनी आहे. पण ती फाइलसिस्टिमच्या किंवा ब्लॉक डिव्हाइसच्या पातळीवर नाही, त्याखाली एमटीडीमध्ये, म्हणजे उघडी फ्लॅश हाताळणाऱ्या लिनक्सच्या थरात आहे.

आधी एलव्हीएम का नको ते बघू. एलव्हीएम, एमडी, बीटीआरएफएस ही सगळी मंडळी समोर खरं ब्लॉक डिव्हाइस आहे असं गृहीत धरतात: कुठलाही सेक्टर कितीही वेळा लिहिता येतो आणि खराब जागा खालचा थर परस्पर सांभाळतो. ईएमएमसी, एसडी कार्ड, यूएसबी ड्राइव्ह यांच्या पोटात कंट्रोलर आणि एफटीएल (झीज आणि खराब जागा परस्पर सांभाळणारा थर) असल्यामुळे तिथे हे गृहीतक खरं ठरतं. उघड्या नॅन्डवर ते साफ खोटं आहे. एमटीडीब्लॉकच्या नावात ब्लॉक असलं तरी त्यात एफटीएल नाही. एक सेक्टर लिहायचा झाला की तो अख्खा इरेज ब्लॉक (एका वेळी पुसता येणारा सगळ्यात छोटा भाग) मेमरीत वाचतो, हवा तेवढा भाग बदलतो, ब्लॉक पुसतो आणि परत लिहितो. तुमच्या चिपवर म्हणजे ५१२ बाइटसाठी १२८ केबीची उलथापालथ. पुसणं आणि लिहिणं यांच्या मधे वीज गेली तर त्या ब्लॉकमधला शेजारचा डेटाही गेला. वेअर लेव्हलिंग (झीज सगळ्या ब्लॉकवर सारखी वाटणं) नाही, बॅड ब्लॉक टाळणं नाही. त्यावर एलव्हीएम ठेवलं तर त्याचा मेटाडेटा ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लिहिला जाईल आणि नेमके तेच ब्लॉक आधी मरतील. प्रयोगशाळेत हे सगळं छान चालतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

उघड्या नॅन्डवर आज यूबीआय (झीज आणि बॅड ब्लॉक सांभाळणारा थर) आणि त्यावर यूबीआयएफएस ही फाइलसिस्टिम हाच सरळ मार्ग आहे. पण एक यूबीआय डिव्हाइस एकाच एमटीडी डिव्हाइसला जोडलं जातं. एकाच सिस्टिमवर ३२ यूबीआय डिव्हाइस चालतात, एकेकावर १२८ व्हॉल्यूम बनवता येतात, पण एक व्हॉल्यूम दोन एमटीडींवर पसरत नाही. तेव्हा जोड यूबीआयच्या खालीच द्यावा लागतो, म्हणजे यूबीआयला एकच लांबलचक एमटीडी दिसतं.

खाली जोडण्याचेही दोन रस्ते आहेत. दोन्ही चिप अगदी सारख्या असतील, एकाच नॅन्ड कंट्रोलरवर असतील आणि फक्त चिप सिलेक्ट (कुठल्या चिपशी बोलायचं ते निवडणाऱ्या तारा) वेगळे असतील, तर काही लिहायचीही गरज पडणार नाही कदाचित. नॅन्डच्या गाभ्यात एका नॅन्ड चिपला एकापेक्षा जास्त चिप सिलेक्ट असू शकतात ही कल्पना पहिल्यापासून आहे. डिव्हाइस ट्रीमधल्या (कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनातल्या) नॅन्ड नोडच्या रेग प्रॉपर्टीत ० आणि १ असे दोन्ही चिप सिलेक्ट द्यायचे. स्कॅन करताना कर्नल पहिल्या चिपचा उत्पादक आयडी आणि डिव्हाइस आयडी वाचतो, पुढच्या चिप सिलेक्टवर तेच मिळतात का बघतो, आणि जुळले तर बूट लॉगमध्ये दोन चिप सापडल्याची ओळ येते. एमटीडी एकच, आकार दुप्पट. मुळात ही सोय एका पॅकेजमधल्या दोन डायसाठी (सिलिकॉनच्या तुकड्यांसाठी) आहे, पण चिप सिलेक्टच्या पलीकडे एक पॅकेज आहे की दोन, हे कर्नलला कळायचं कारण नाही. अडचण ड्रायव्हरची असते: काही कंट्रोलर ड्रायव्हर स्कॅनला एकच चिप मागतात, मग डिव्हाइस ट्रीत काहीही लिहा. म्हणून आधी तुमच्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरमधला नॅन्ड स्कॅनचा कॉल उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचा सगळा उपद्व्याप वाचू शकतो. आणखी एक सावधगिरी: पुढे दुसऱ्या उत्पादकाची पर्यायी चिप एकाच जागी बसवली गेली तर आयडी जुळणार नाहीत आणि तुमचं डिव्हाइस निमूटपणे अर्ध्या आकाराचं होईल. खरेदी विभागाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

चिप वेगवेगळ्या कंट्रोलरवर असतील, आयडी वेगळे असतील, किंवा पहिल्या चिपचा फक्त उरलेला भाग जोडायचा असेल, तर मार्ग एमटीडी कॉन्कॅटचा: अनेक एमटीडी एकापुढे एक जोडून एकच दाखवणं. एकेकाळी कर्नल कॉन्फिगरेशनमध्ये त्याचा वेगळा पर्याय होता. आता ते एमटीडीच्या गाभ्यातच असतं, वेगळं चालू करावं लागत नाही. पण ते आपण होऊन काही करत नाही. ती कर्नलच्या आतली एक सोय आहे, कुणीतरी तिला हाक मारावी लागते. समांतर नॉर फ्लॅशसाठी (फ्लॅशचा दुसरा प्रकार) ही हाक फिजमॅप ड्रायव्हर मारतो: एका सीएफआय (चिपने स्वतःची माहिती सांगायची प्रमाणित पद्धत) फ्लॅश नोडच्या रेगमध्ये अनेक पत्ते दिले की तो त्या चिप आपोआप जोडून एक एमटीडी देतो. नॅन्ड आणि एसपीआय नॉरसाठी अशी तयार हाक बहुतेक कर्नलमध्ये नसते. ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरसाठीच्या लिनक्सच्या) कर्नलमध्ये मात्र एमटीडी-कॉन्कॅट नावाचा डिव्हाइस ट्री नोड पॅचमधून घातलेला आहे. त्यात जोडायच्या पार्टिशनची यादी दिली की काम झालं, आणि त्याखाली पुन्हा पार्टिशनही देता येतात. दोन फ्लॅश चिपवर फर्मवेअर पसरवायला तिथे हे सर्रास वापरतात. तुम्हाला स्वतःचं कर्नल बांधायचंच असेल तर तो पॅच उचलणं हा सगळ्यात स्वस्त पर्याय.

पॅच नको असेल तर छोटा ड्रायव्हर लिहावा लागेल, आणि तो खरंच छोटा असतो. गेट_एमटीडी_डिव्हाइस_एनएम या फंक्शनने दोन्ही एमटीडी नावाने मिळवायचे, त्यांचा अ‍ॅरे एमटीडी_कॉन्कॅट_क्रिएटला द्यायचा, मिळालेलं नवं एमटीडी एमटीडी_डिव्हाइस_रजिस्टरने नोंदवायचं. ड्रायव्हर काढताना उलटा क्रम: आधी नोंद काढा, मग कॉन्कॅट मोडा, मग दोन्ही एमटीडी परत करा. यात बहुतेकांचा पाय घसरतो तो प्रोबच्या, म्हणजे कर्नल ड्रायव्हर सुरू करतो त्या क्रमावर. दुसऱ्या चिपचा ड्रायव्हर तुमच्यानंतर उठला तर नावाने काही सापडत नाही आणि ‘असं डिव्हाइस नाही’ अशी चूक येते. ती तशीच वर न देता प्रोब-डिफर परत करा, म्हणजे कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करेल. हे न केलेला ड्रायव्हर तुमच्या टेबलावर रोज चालतो आणि कर्नलची आवृत्ती बदलली की अचानक बंद पडतो.

आता कॉन्कॅट आत काय करतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे खाचखळगे त्यातूनच निघतात. ते फक्त पत्त्यांची बेरीज-वजाबाकी करतं. पहिली चिप संपली की दुसरी सुरू. फ्लॅशवर स्वतःचं एक अक्षरही लिहीत नाही. त्यामुळे वीज गेल्यावर त्याचं म्हणून काही बिघडायला उरत नाही. वाचताना दुरुस्त झालेल्या बिटची सूचना, बॅड ब्लॉकची चौकशी, नवा ब्लॉक बॅड म्हणून नोंदवणं हे सगळं ते संबंधित चिपकडे पोचवतं, म्हणून यूबीआयचं स्क्रबिंग (बिट बिघडू लागलेल्या ब्लॉकमधला डेटा दुसरीकडे हलवणं) नेहमीसारखं चालतं.

जोडताना ते काही गोष्टी तपासतं. प्रकार एकच हवा. नॉर आणि नॅन्ड एकत्र चालत नाहीत. पेजचा (एका वेळी लिहायच्या भागाचा) आकार, सबपेज, ओओबीचा (पेजसोबतच्या जादा जागेचा) आकार जुळायला हवेत, नाहीतर ते नकार देतं. इरेज ब्लॉकच्या आकाराबद्दल मात्र ते उदार आहे: वेगळे असतील तर सगळ्यात मोठा आकार मुख्य म्हणून दाखवतं आणि आत वेगवेगळे इरेज रीजन मांडतं. या उदारपणाचा उपयोग नाही, कारण यूबीआयला एकापेक्षा जास्त रीजन असलेलं एमटीडी दिलं की ते जोडून घेतच नाही. बूट ब्लॉकवाल्या नॉर चिप, ज्यांच्या एका टोकाला छोटे सेक्टर असतात, तिथे हे हमखास अडतं. उपाय सोपा आहे. आधी प्रत्येक चिपवर समान सेक्टरचा भाग वेगळं पार्टिशन म्हणून काढायचा आणि मग ती पार्टिशन जोडायची. कॉन्कॅटला अख्खी चिप आणि पार्टिशन यांत फरक वाटत नाही.

एक कमी माहितीची खोड: जोडल्या जाणाऱ्यांपैकी एक एमटीडी फक्त वाचनीय आणि दुसरं लिहिण्याजोगं असेल, तर जोडलेलं डिव्हाइस लिहिण्याजोगं म्हणून दिसतं. लिहायला जाल तेव्हा वाचनीय भागात चूक येते. डिव्हाइस ट्रीत कुणी एका पार्टिशनवर रीड-ओन्ली लिहून विसरलं असेल तर यूबीआय सुरुवातीला गुण्यागोविंदाने चालतं आणि वेअर लेव्हलिंग त्या भागात पोचल्यावर कोसळतं.

तुमच्या बोर्डासाठी मी अशी मांडणी करेन. पहिल्या चिपचे सुरुवातीचे १६ एमबी, म्हणजे १२८ इरेज ब्लॉक, जोडाच्या बाहेर ठेवा: बूटलोडर, त्याचं एन्व्हायर्नमेंट, कर्नल, डिव्हाइस ट्री आणि जमल्यास एक छोटी रेस्क्यू रॅमडिस्क. बूटरॉमला (प्रोसेसरमधल्या सुरुवातीच्या बूट कोडला) एकच चिप कळते. यू-बूट या बूटलोडरला तुमचा जोड कळेलच असं नाही. कर्नल जोडलेल्या यूबीआयच्या व्हॉल्यूममध्ये ठेवलात तर यू-बूटलाही तीच भूमिती त्याच क्रमाने दाखवावी लागते, आणि दोन ठिकाणी सांभाळायची गोष्ट कधीतरी एका ठिकाणी बदलते. पहिल्या चिपचे उरलेले ८९६ ब्लॉक आणि दुसरीचे १०२४ मिळून १९२० ब्लॉकचं जोडलेलं एमटीडी होईल. त्यातून यूबीआय बॅड ब्लॉकसाठी राखीव काढतं, दर १०२४ ला २० या मूळ हिशेबाने सुमारे ३८. आणखी चार त्याच्या स्वतःच्या कामाला जातात. पेज २०४८ बाइटचं आणि सबपेज नसतील तर प्रत्येक १२८ केबीच्या ब्लॉकमधून दोन पेज हेडरला जाऊन १२४ केबी उरतात. म्हणजे हाती साधारण २२७ एमबी. फ्लॅशवर बॅड ब्लॉक टेबल ठेवत असाल तर दोन्ही चिपच्या शेवटचे काही ब्लॉक त्यासाठी अडवलेले असतील आणि यूबीआयला ते बॅड दिसतील. जोडाच्या मधोमध चार ‘बॅड’ ब्लॉक एका ओळीत दिसले तर घाबरू नका, ती पहिल्या चिपची शेपटी आहे.

मूळ दोन एमटीडी, जोड झाल्यावरही, प्रॉक-एमटीडीच्या यादीत तशीच दिसत राहतात. तुमच्या ड्रायव्हरने ती धरून ठेवली आहेत याचा यूजरस्पेसला काही अडसर नाही. कुणी अपडेट स्क्रिप्टमध्ये जुन्या सवयीने दुसऱ्या एमटीडीवर फ्लॅश-इरेज चालवलं की अर्धी फाइलसिस्टिम गेली. नावं बोलकी द्या, उदाहरणार्थ ‘जोड-अ-थेट-वापरू-नये’, आणि स्क्रिप्टमध्ये एमटीडीचा नंबर कधीच वापरू नका, नावच वापरा. जोडामुळे नंबर सरकतात हे वेगळं सांगायला नको.

वेगाबद्दलची अपेक्षा आधीच खाली आणतो. हे स्ट्राइपिंग नाही. एक मोठं वाचन दोन चिपवर वाटलं जात नाही, पुसणंही एकामागून एक होतं. फायदा झालाच तर एवढा की एका चिपवर यूबीआयचा मागचा थ्रेड ब्लॉक पुसत असताना दुसऱ्या चिपवरचं वाचन अडत नाही, तेही दोन्ही एकाच नॅन्ड कंट्रोलरच्या कुलपामागे नसतील तर. खरा दुप्पट वेग हार्डवेअरमधून येतो. झिंकसारख्या काही एसओसींचा (प्रोसेसर आणि कंट्रोलर एकत्र असलेल्या चिपचा) क्यूएसपीआय कंट्रोलर दोन एसपीआय नॉर चिप समांतर चालवतो आणि बाहेर एकच चिप दाखवतो. डिव्हाइस ट्रीत त्यासाठी पॅरलल-मेमरीज आणि स्टॅक्ड-मेमरीज अशा प्रॉपर्टीही आहेत. तो निर्णय सर्किट आखतानाच घ्यावा लागतो, आता तुमच्या हातात नाही.

विश्वासार्हतेचा हिशेब मात्र गंभीरपणे करा. जोडलेल्या डिव्हाइसमध्ये कुठलीही एक चिप गेली की सगळं गेलं. यूबीआय ब्लॉक कुठेही ठेवतं, त्यामुळे एका फाइलचे तुकडे दोन्हीकडे असतात आणि अर्ध्यातून काही वाचवण्याची आशा नसते. म्हणून मी उलट प्रश्न विचारतो: ती १६० एमबी एकाच झाडात असायलाच हवी का? बऱ्याचदा त्यातले निम्मे लॉग, नकाशे, भाषांच्या फाइल, वेब इंटरफेसचे तुकडे असतात. रूट पहिल्या चिपच्या यूबीआयवर, डेटा दुसऱ्या चिपच्या यूबीआयवर, दुसरी एका डिरेक्टरीवर माउंट. ड्रायव्हर नाही, पॅच नाही, आणि दुसरी चिप रुसली तरी यंत्र उठतं, नेटवर्कवर येतं आणि तक्रार सांगू शकतं. दूरच्या खांबावर बसवलेल्या यंत्राच्या बाबतीत या फरकाची किंमत फार मोठी असते. त्याआधी यूबीआयएफएसचं कॉम्प्रेशन झेडएसटीडीवर नेऊन किंवा रूट स्क्वॅशएफएस (दाबलेली, फक्त वाचनीय फाइलसिस्टिम) करून ती चिपमध्ये बसते का हेही बघून घ्या, कित्येकदा बसते. जोड मी तेव्हाच देतो जेव्हा एकच व्हॉल्यूम खरोखरच एका चिपपेक्षा मोठं असतं, किंवा सततच्या लिखाणाची झीज दोन्ही चिपवर वाटून हवी असते. दुसऱ्या कारणासाठी जोड खरोखर चांगला आहे: यूबीआयचं वेअर लेव्हलिंग सगळ्या १९२० ब्लॉकवर मिळून चालतं.

ईएमएमसी असती तर उत्तर दोन ओळींत संपलं असतं: डिव्हाइस मॅपरचा लिनिअर टार्गेट किंवा एलव्हीएम, दोन्ही योग्य. इनिटरॅमएफएस (बूटवेळची तात्पुरती फाइलसिस्टिम) नको असेल तर कर्नल ५.१ पासून बूट पॅरामीटरमधूनच डिव्हाइस मॅपरचं डिव्हाइस बनवता येतं.

पुन्हा जोडाकडे, कारण उत्पादनात घोटाळा इथेच होतो. यूबीआयच्या प्रत्येक इरेज काउंटर हेडरमध्ये इमेज सीक्वेन्स नावाचा एक आकडा असतो. यूबीफॉरमॅट (फ्लॅश फॉरमॅट करणारं साधन) किंवा यूबीनाइझ (इमेज बनवणारं साधन) प्रत्येक वेळी नवा आकडा टाकतात. दोन्ही चिप आधी स्वतंत्रपणे फॉरमॅट केलेल्या असतील आणि नंतर तुम्ही जोडल्या, तर स्कॅन करताना यूबीआयला दोन वेगळे आकडे दिसतात आणि ते जोडायला साफ नकार देतं; लॉगमध्ये ‘बॅड इमेज सीक्वेन्स नंबर’ अशी ओळ येते. ही चूक हार्डवेअरची नाही, चिप बदलत बसू नका. जोडलेलं एमटीडी एकदाच यूबीफॉरमॅट करा.

कारखान्यात प्रोग्रामरवर चिप आधी भरून घ्यायच्या असतील तर यूबीनाइझ एकदाच चालवा आणि तयार इमेज १२८ केबीच्या सीमेवर कापून दोन चिपसाठी दोन तुकडे करा. कुठे कापता याला महत्त्व नाही. यूबीआयच्या हेडरमध्ये व्हॉल्यूम आणि त्यातला लॉजिकल ब्लॉक लिहिलेला असतो, फिजिकल ब्लॉकचा क्रमांक नसतो. स्कॅनमध्ये ब्लॉक कुठेही सापडला तरी चालतो. प्रोग्रामरने बॅड ब्लॉक गाळून पुढे सरकावं आणि उरलेली चिप कोरी ठेवावी एवढंच. फाइलसिस्टिम बनवताना एमकेएफएस-यूबीआयएफएसला मोठ्या एफचा पर्याय द्या, म्हणजे प्रोग्रामरने कोऱ्या पेजांवरही एफएफ लिहून ईसीसी (चुका दुरुस्त करणारा कोड) बिघडवला असेल तर पहिल्या माउंटला ती जागा दुरुस्त होते.

फास्टमॅप (पूर्ण स्कॅन टाळणारी यूबीआयची सोय) चालू करणार असाल तर लक्षात घ्या, त्याचा मुख्य ब्लॉक पहिल्या ६४ ब्लॉकमध्येच असावा लागतो. म्हणजे तो कायम पहिल्या चिपवर राहणार, आणि त्यात फिजिकल क्रमांक नोंदलेले असल्यामुळे जोडाचा क्रम नंतर बदलायची मुभा संपली. १९२० ब्लॉकसाठी पूर्ण स्कॅन किती वेळ घेतो ते आधी मोजा. तुमच्या बूटला तेवढा उशीर परवडत असेल तर फास्टमॅप बंदच ठेवा.

हे सगळं बोर्डाशिवाय तपासता येतं. नॅन्डसिम मॉड्यूलला पार्ट्स पॅरामीटर देऊन एक आभासी चिप दोन पार्टिशनमध्ये विभागा, तुमच्या ड्रायव्हरने ती जोडा आणि वर यूबीआय लावा. ड्रायव्हर लोड आणि अनलोड करून बघा, दोन वेगळे यूबीफॉरमॅट करून तो नकार एकदा डोळ्यांनी बघा.

आणि एक गोष्ट आजच करून ठेवा. फाइलसिस्टिम बनवताना लहान सी या पर्यायाने कमाल एलईबी (लॉजिकल ब्लॉक) संख्या ऐसपैस द्या, अगदी सध्या एकाच चिपवर भागणार असेल तरी. उद्या दुसरी, कोरी चिप जोडलीत तर यूबीआय कोरे ब्लॉक स्वतःहून आपल्यात घेतं, यूबीआयआरएसव्हॉलने व्हॉल्यूम वाढवता येतो आणि यूबीआयएफएस पुढच्या माउंटला त्या कमाल संख्येपर्यंत आपोआप पसरतं. कमाल संख्या तोकडी दिली असेल तर तेवढ्यासाठी फाइलसिस्टिम पुसून नव्याने बनवावी लागते.